आठवण हा पुरावा मानायचा का? अमेरिकेतल्या ज्यू समर कॅम्पचं उदाहरण

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना एक प्रश्न हमखास पडतो. मुलाखतीत लोक पन्नास वर्षांपूर्वीचं जे सांगतात, त्याला ‘डेटा’ म्हणायचं का? आपण विज्ञान शाखेतले लोक तर लगेच नाक मुरडतो. आठवण म्हणजे व्यक्तिनिष्ठ, विषय संपला! पण खरं काम तिथूनच सुरू होतं. ते कसं, हे पाहायला आज एक उदाहरण घेऊ: अमेरिकेच्या ग्रामीण भागात भरणारे ज्यू मुलांचे समर कॅम्प.

आधी थोडी पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं दाटीवाटीनं राहत होती. कोंदट खोल्या, क्षयरोगाची भीती. अशा घरांतल्या मुलांना उन्हाळ्यात मोकळी हवा आणि पोटभर जेवण मिळावं म्हणून कॅम्प निघाले. कोल्ड स्प्रिंग गावाजवळचा ‘सरप्राइज लेक कॅम्प’ १९०२ सालचा. शिवाय त्या काळी अनेक खासगी कॅम्प आणि हॉटेलं ज्यूंना प्रवेशच देत नसत. त्यामुळे स्वतःची जागा उभी करणं ही गरजही होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेतू बदलला. १९४१ मध्ये ‘मसाद’ हा हिब्रू भाषेचा कॅम्प सुरू झाला. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या कॉनोव्हर इथे १९४७ मध्ये ‘रामा’ सुरू झाला. इतिहासकार जोनाथन सार्ना १९४१ ते १९५२ हा काळ या चळवळीत निर्णायक मानतात. कारण उघड आहे. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले होते. अमेरिकेतली ज्यू मुलं मात्र उपनगरांत सुखानं वाढत होती, पूर्ण अमेरिकन होत होती. ती ज्यू राहतील का, ही मोठ्यांची काळजी होती. नाझी संहारातून वाचलेल्या बुंदवादी, म्हणजे समाजवादी विचारांच्या ज्यूंनी १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक यिडिश कॅम्प काढला. त्याचं नाव ‘हेमशेख’, म्हणजे ‘पुढे चालू राहणं’. नावातच सगळं आलं.

आता खेड्याची गरजही वेगळी झाली. पालक नाहीत, टीव्ही नाही, शेजारपाजार नाही. दिवसाचे चोवीस तास आयोजकांच्या हातात. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘नियंत्रित वातावरण’!

आणि मग येते आठवण. या कॅम्पमध्ये वाढलेले अनेकजण म्हणतात, “मी आज ज्यू म्हणून जगतोय ते कॅम्पमुळे.” हे वाक्य नुसतं भावनिक नाही. त्याच्या भरवशावर देणगीदार निधी देतात, कुटुंबं हजारो डॉलर फी भरतात. म्हणून ते तपासायला हवं. कसं? तीन पायऱ्यांनी.

पहिली पायरी: कागद आणि आठवण शेजारी ठेवा

कॅम्पची माहितीपत्रकं आणि वेळापत्रकं काय सांगतात? सगळं हिब्रूत किंवा यिडिशमध्ये चालतं. आठवणी काय सांगतात? रात्री खोलीत दिवे मालवले की गप्पा इंग्रजीतच. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. कागद आयोजकांची इच्छा सांगतो, आठवण मुलांचा अनुभव. दोन्हींतलं अंतर हाच तुमचा निष्कर्ष. सँड्रा फॉक्स यांनी ‘द ज्यूज ऑफ समर’ (२०२३) या पुस्तकात नेमका हाच धागा धरला आहे: मोठ्यांनी योजना आखल्या, पण मुलांनी त्या जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. त्यांनी त्या वळवल्या. दुसऱ्या काही अभ्यासकांनी दाखवलं की अनेक कॅम्पमध्ये इंग्रजी वाक्यातच हिब्रू शब्द पेरले जातात. जेवणघराला ‘खदर ओखेल’च म्हणायचं, बाकी वाक्य इंग्रजी. भाषा शिकवण्यापेक्षा आपलेपणा शिकवण्यासाठी हे जास्त उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: आठवणीला तारखेची खुंटी शोधा

ज्यू पंचांगात उन्हाळ्यात सण फारसे नाहीत. एक मोठा दिवस येतो तो शोकाचा, ‘तिशा बआव’. जेरुसलेमच्या मंदिरांच्या विध्वंसाचं स्मरण. मेणबत्तीच्या उजेडात जमिनीवर बसून शोकगीतं वाचायची, मोठ्यांनी उपास करायचा. तेव्हा शाळा बंद असतात, त्यामुळे अनेक अमेरिकन ज्यू मुलांची या दिवसाशी ओळख कॅम्पमध्येच झाली.

संशोधकासाठी हा दिवस म्हणजे पर्वणी. ज्यू पंचांग चांद्रमासांचं असल्यानं तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीही येतो, पण कुठल्या वर्षी कधी आला ते नक्की सांगता येतं. १९६७ मध्ये तो १५ ऑगस्टला होता. समजा, कुणी सांगतंय, “मी १९६७ला फक्त जुलै महिना कॅम्पला होतो, आणि तिशा बआवची ती रात्र विसरूच शकत नाही.” इथे वर्ष तरी चुकलंय किंवा महिना तरी. म्हणून मुलाखत फेकून द्यायची? अजिबात नाही. ती रात्र खरी असू शकते, फक्त दुसऱ्या वर्षाची. मात्र त्या आठवणीवरून १९६७च्या युद्धाचा मुलांवर झालेला परिणाम सांगायला जाऊ नका.

तिसरी पायरी: कोण बोलत नाहीये ते पाहा

कॅम्पच्या स्नेहमेळाव्याला कोण येतं? ज्यांना कॅम्प आवडला ते. घरच्या आठवणीनं रडून आठवड्यात परत गेलेलं मूल तिथे भेटत नाही. फी न परवडल्यानं कधीच न गेलेलं तर नाहीच नाही. शिवाय धर्माची ओढ असलेली कुटुंबंच मुलांना अशा कॅम्पला पाठवण्याची शक्यता जास्त. मग मोठेपणी दिसणारा फरक कॅम्पचा की घराचा? हा आपला ओळखीचा निवडीचा दोष, सिलेक्शन बायस. ‘कॅम्प वर्क्स’ (२०११) या अहवालात अनेक सर्वेक्षणांची आकडेवारी एकत्र करून, बालपणीची पार्श्वभूमी हिशेबात धरून तुलना केली. तरीही कॅम्पला गेलेल्यांत ज्यू समाजाशी जवळीक जास्त दिसली. पुरावा वजनदार आहे, पण सर्वेक्षणात न मोजलेल्या घरच्या गोष्टी शिल्लक राहतातच. म्हणून लिहिताना ‘संबंध आढळतो’ असं लिहा, ‘कॅम्पमुळे झालं’ असं नको.

आणखी एक गट आहे: आजूबाजूच्या गावातले लोक. तळ्याकाठी दर उन्हाळ्यात शहरातली शेकडो मुलं येत, हिब्रूत गाणी म्हणत आणि ऑगस्ट संपता संपता निघून जात. दूध पुरवणाऱ्याला, शेजारच्या शेतकऱ्याला ते कसं दिसलं असेल? कॅम्पचा इतिहास फक्त कॅम्पवाल्यांना विचारून पुरा होत नाही.

मग आठवण कशासाठी वापरायची?

जे कागदावर कधी येत नाही त्यासाठी. हेमशेख साधारण दोन दशकांनी बंद पडला, मसाद १९८१ मध्ये. जमिनी गेल्या, केबिन पडल्या. आज त्या वेळापत्रकांत ‘सायंकाळी गाणी’ एवढंच सापडेल. ती गाणी म्हणताना आपल्या आईवडिलांचं हरवलेलं गाव आपणच पुढे चालवतोय, असं एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला वाटलं का, की तिला नुसती भूक लागली होती? हे फक्त तीच सांगू शकते. आणि १९६०च्या सुमाराची ती मुलगी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे.

तुमचा विषय कुठलाही असो, मुलाखतीच्या वहीत तीन रकाने आखा: काय सांगितलं, कशाशी पडताळलं, कुणाला विचारायचं राहिलं. तिसरा रकाना रिकामा दिसला तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की तुम्ही अजून शोधायला निघालेला नाहीत. आणि वयस्कर माणसांच्या मुलाखती आधी घ्या. कागद थांबतील.