यादी कुणाची, पत्ता कुणाचा?

पेव म्हणजे काय, हे हरिपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. सांगलीला खेटून असलेल्या या गावात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जायची. आता पेव फुटलंय ते मेलबॉक्समध्ये. सेल, हप्ते, क्लास, प्लॉट!

काही वर्षांपूर्वी महाबळेश्वरच्या एका लॉजवर रजिस्टरात मी मेल आयडी लिहिला, बुकिंगची पावती यावी एवढ्यासाठी. पावती आली. मग पावसाळी सवलत आली, दिवाळी सवलत आली आणि पुढे तर भलत्याच कुणाच्या बंगलो प्लॉटच्या जाहिराती सुरू झाल्या. मालक तसा भला माणूस. फक्त रजिस्टर आपलं म्हणजे त्यातले पत्तेही आपलेच, असा त्याचा समज.

ऑगस्ट २०२३ मध्ये झालेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हा समजच मोडून काढतो. कायद्यात औषध दुकानाचं साधं उदाहरण आहे. पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून गिऱ्हाइकाने नंबर दिला, तर तो पोच पाठवण्यापुरताच वापरायचा. जाहिरात पाठवायची तर वेगळं विचारा. विचारताना माहिती कशासाठी हवी ते सांगा, आणि तेही इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी गिऱ्हाइकाला हव्या त्या भाषेत. म्हणजे साताऱ्याच्या पेढेवाल्याकडे मराठीत सूचना मागता येईल. गिऱ्हाइकाने स्वतःहून, स्पष्ट 'हो' म्हणायला हवं. फॉर्मवर आधीच टिक मारून ठेवण्याची चलाखी इथे चालायची नाही. शिवाय परवानगी देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. व्यापाऱ्यांना लागू होणाऱ्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकून लहान दुकानदार हसतो, आणि ते मी समजू शकतो. त्याची खरी अडचण वेगळीच असते. 'जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांचा डेटा आहे, घेता का?' असं विचारत कुणीतरी दारात येतो. त्या यादीतल्या एकानेही या दुकानदाराला 'हो' म्हटलेलं नसतं.

नको असलेल्या मेलसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम आणि १९०९ या क्रमांकावरची नोंदणी कॉल आणि एसएमएससाठी. मेल त्यातून सुटते. त्रासदायक मेलवर बोट ठेवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. ते योग्यच झालं, कारण त्याच्या आडून लोकांना फेसबुकवरच्या मतांसाठी पकडलं जात होतं.

पण कायद्याच्या आधी जीमेलच पकडतं. रोज पाच हजारांहून जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्याला २०२४ पासून एका क्लिकवर नाव काढण्याची सोय द्यावी लागते आणि मेल खरोखर आपल्याच डोमेनवरून निघाल्याचा तांत्रिक पुरावाही. हजारात तीन जणांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं की पुढच्या मेल स्पॅमच्या फोल्डरात जाऊ लागतात. विकतच्या यादीला हे तीन जण सकाळीच भेटतात. मग गिऱ्हाइकाने स्वतः मागितलेलं बिलसुद्धा त्याच फोल्डरात जाऊन पडतं.

तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद परदेशी पाठवणाऱ्याचं गणित आणखी निराळं. अमेरिकेत न विचारता जाहिरातीची मेल पाठवता येते. मात्र तिच्यात आपला टपालाचा पत्ता हवा, आणि 'नको' म्हणणाऱ्याचं नाव कामाच्या दहा दिवसांत काढायला हवं. जर्मनीत मात्र कंपनीला जाहिरात पाठवायची तरी साधारणपणे आधी संमती लागते.

आपल्या कायद्याप्रमाणे, ज्यांनी पूर्वी संमती दिली होती, त्या जुन्या गिऱ्हाइकांची यादी लगेच फाडायची गरज नाही. तुमची कोणती माहिती आमच्याकडे आहे, कशासाठी आहे आणि नको असेल तर काय करायचं, हे त्यांना शक्य तितक्या लवकर कळवायचं. पावतीपुरता पत्ता देणारे त्या यादीत बसत नाहीत. माझ्या लॉजवाल्याला बहुतेक अर्धं रजिस्टर बाजूला ठेवावं लागेल.