सामायिक संगणकावरची अवजारे

एका संगणकावर एकाच वेळी अनेकांनी काम करण्याची पद्धत घरोघरी संगणक पोहोचण्याच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. तीत यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटला जात असल्यामुळे प्रत्येकाला संगणक आपल्या एकट्याच्याच दिमतीला असल्यासारखा वाटे, आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राखायच्या म्हणून पासवर्डही तेथेच वापरात आला. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्ये ही विभागणी अधिक नेटकी झाली. आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दिसणारे लिनक्स युनिक्सच्याच वळणाचे असल्याने, साठ विद्यार्थ्यांसाठी एका यंत्रावर प्रोग्रामिंगची अवजारे बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या विभागणीतच सापडते.

या रचनेत प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो, आणि मालक, गट व इतर सर्व अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे आणि चालवणे या परवानग्या स्वतंत्रपणे नोंदवलेल्या असतात. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन आणि चालवण्याचा एक असे अंक धरून त्यांची बेरीज केली, की ७५५ सारखा आकडा तयार होतो; त्याचा अर्थ मालकाला सर्व काही करता येईल, इतरांना वाचता आणि चालवता येईल, मात्र बदल करता येणार नाही. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ याचा अर्थ आत शिरणे असा होतो, आणि ही गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारे अवजार, सर्वांच्या वापराचे असले तरी त्यात फेरफार करण्याचा अधिकार एकाच प्रशासकाकडे असणे आवश्यक असते, आणि ७५५ हा आकडा नेमके तेवढेच साधतो.

अवजार कोठे ठेवले आहे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. वापरकर्त्याने कमांड टाइप केली की संगणक ती साऱ्या डिस्कवर शोधत बसत नाही. ‘पाथ’ नावाच्या यादीत नोंदवलेल्या मोजक्या फोल्डरांतच क्रमाने पाहतो आणि जो प्रोग्राम आधी सापडेल तो चालवतो. रस्ट भाषेसाठीचे रस्टअप किंवा नोडच्या आवृत्त्या सांभाळणारे एनव्हीएम यांसारखी अनेक आधुनिक अवजारे आपण होऊन बसवणाऱ्याच्याच होम फोल्डरमध्ये जाऊन बसतात. एकट्याच्या लॅपटॉपवर ही सोय उत्तम असते. सामायिक यंत्रावर मात्र प्रशासकाला सारे सुरळीत दिसते आणि विद्यार्थ्यांना कमांडच सापडत नाही. लिनक्सच्या उबुंटू या प्रकारात २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर इतरांसाठी बंदच असते, त्यामुळे पूर्ण पत्ता देऊनही तेथे पोहोचता येत नाही. सर्वांसाठीची अवजारे ‘यूएसआर लोकल’ किंवा ‘ऑप्ट’ या त्यासाठीच राखलेल्या जागी बसवणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. विंडोजवर बसवताना ‘फक्त माझ्यासाठी की सर्वांसाठी’ असा जो प्रश्न कधी कधी विचारला जातो, तो याच निवडीचा असतो.

जागा योग्य निवडूनही काम कधी कधी बिघडते, आणि त्यामागे बहुधा ‘यूमास्क’ असतो. नवी फाइल तयार होताना कोणत्या परवानग्या आपोआप काढून घ्यायच्या हे सांगणारा हा आकडा आहे: तो ०२२ असेल तर नवे फोल्डर ७५५ परवानगीचे होते, पण सुरक्षिततेसाठी कोणी तो ०७७ ठेवला असेल, तर ७०० चे होते. अशा स्थितीत प्रशासकाने एखादे पॅकेज बसवले, की स्थापना निर्विघ्न पार पडते, चाचणीही यशस्वी होते, आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ एवढेच उमटते. या क्षणी घाईने सगळ्याला ७७७ परवानगी देऊन टाकण्याचा मोह होतो, आणि तो कटाक्षाने टाळला पाहिजे. कारण मग कोणीही कंपायलरच्या जागी दुसराच प्रोग्राम ठेवू शकतो आणि तो उद्या प्रशासकाच्याच अधिकाराने चालू शकतो. सीएचएमओडी या कमांडला ‘ए अधिक आर आणि मोठा एक्स’ असे सांगितले, म्हणजे वाचण्याची परवानगी सर्वांना मिळते आणि चालवण्याची फक्त फोल्डरांना व आधीच चालवण्याजोग्या असलेल्या फाइलींनाच मिळते; साध्या माहितीच्या फाइली विनाकारण प्रोग्राम ठरत नाहीत.

पायथनची कथा थोडी निराळी आहे, कारण लिनक्सची स्वतःची कित्येक कामे पायथनवरच चालतात. एका विद्यार्थ्याने प्रशासकाचा अधिकार वापरून प्रणालीच्या पायथनमध्ये एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती घातली, तर दुसऱ्याचा प्रकल्प आणि खुद्द प्रणालीची अवजारेही मोडू शकतात. म्हणूनच २०१२ मधील पायथन ३.३ पासून ‘व्हेन्व्ह’ ही सोय भाषेतच आली, जिच्यामुळे प्रत्येक प्रकल्पाला लायब्रऱ्यांचे स्वतःचे स्वतंत्र फोल्डर मिळते आणि त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागत नाही. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने तर प्रणालीच्या पायथनमध्ये ‘पिप’ या लायब्रऱ्या बसवणाऱ्या अवजाराने थेट भर घालण्याचा प्रयत्न केल्यास तो अडवण्यास सुरुवात केली. विद्यार्थ्यांना हा अडथळा त्रासाचा वाटत असला, तरी शेजारच्याचे काम त्यामुळेच सुरक्षित राहते.

एकाच भाषेच्या अनेक आवृत्त्या एकत्र नांदवायच्या असतील, तर १९९१ पासून वापरात असलेली ‘एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स’ ही पद्धत अद्याप उपयोगी आहे. संशोधनसंस्थांच्या महासंगणकांवर शेकडो संशोधक एकाच यंत्राचा वापर करत असल्याने तेथे ती विशेष रुजली आहे. तिच्यात प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरात असते, आणि ‘मॉड्यूल लोड’ म्हटले की फक्त त्या वापरकर्त्याच्या चालू सत्रापुरता पाथ बदलतो. नवी आवृत्ती येते तेव्हा ती जुनीच्या शेजारी बसवली जाते, आणि शैक्षणिक सत्र संपून जुन्या आवृत्तीवर बेतलेले प्रकल्प पुरे होईपर्यंत जुने फोल्डर तसेच ठेवले जाते.