प्रथिनाचा रेणू किती अंशांत वळला?

अहिल्यानगर : शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर असलेल्या, चांदबीबीचा महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सलाबतखानाच्या मकबऱ्याला आठ बाजू आहेत. दोघांनी दोन बाजूंनी त्याची छायाचित्रे काढली आणि त्यात आजूबाजूचा परिसर आला नाही, तर कोण कुठे उभा होता हे सांगणे अवघड. ४५ अंशांत वळवली की ही वास्तू पुन्हा तशीच दिसते. प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे नेमकी हीच अडचण असते.

स्फटिकात एकाच प्रथिनाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेल्या असतात. क्ष-किरणांच्या साह्याने प्रत्येक प्रतीची दिशा तीन कोनांच्या रूपात मिळवता येते. मग दोन प्रतींमधील फरक काढण्यासाठी कोनांची सरळ वजाबाकी का करू नये? कारण त्रिमितीत फिरवण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. एखादे पुस्तक आधी उभ्या अक्षाभोवती ९० अंश, मग आडव्या अक्षाभोवती ९० अंश फिरवावे आणि नंतर क्रम उलटा करून पाहावा. पुस्तक दोन्ही वेळा सारख्या स्थितीत येत नाही.

म्हणून पहिले वळण आधी उलटे फिरवून रद्द करायचे आणि त्यावर दुसरे वळण लावायचे. हाती येणारे उत्तर कितीही गुंतागुंतीचे वाटले तरी ते एकाच अक्षाभोवतीचे एकच वळण असते, हे ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच सिद्ध केले होते. हे वळण नऊ आकड्यांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्सच्या रूपात लिहितात. तिच्या मुख्य कर्णावरील तीन आकड्यांची बेरीज ३ आली तर वळण शून्य. उणे १ आली तर बरोबर १८० अंश.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठातील शास्त्रज्ञांसह १९९९ मध्ये पेनिसिलिन व्ही असायलेज या विकराची रचना प्रसिद्ध केली. पेनिसिलिनच्या रेणूची बाजूची साखळी तोडून नव्या प्रतिजैविकांसाठी लागणारा गाभा मोकळा करणारा हा विकर औषधनिर्मितीत मोलाचा आहे. त्यात चार एकसारखे घटक असून, परस्परांना काटकोनात असलेल्या तीन अक्षांभोवती ते १८० अंशांच्या वळणांनी जोडलेले आहेत. यांपैकी कोणतीही दोन वळणे एकापाठोपाठ घेतली की तिसरे मिळते. काडेपेटी हातात घेऊन कोणालाही याचा पडताळा घेता येईल. येथे मात्र क्रम बदलला तरी बिघडत नाही!

खरी फसगत होते ती स्फटिकाच्या सममितीमुळे. कोनांच्या दोन याद्या अगदी वेगळ्या दिसतात, पण महालाच्या आठ बाजूंप्रमाणे त्या एकाच स्थितीच्या असू शकतात. त्यामुळे स्फटिकाची स्वतःची सर्व वळणे लावून पाहिल्याशिवाय दोन प्रती वेगळ्या मानता येत नाहीत. याउलट, अपेक्षित सममिती गृहीत धरणेही धोक्याचे. भुईमुगातील लेक्टिन या प्रथिनातही चार एकसारखे घटक आहेत. तेथे नेहमीची मांडणी नाहीच, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. विजयन यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवून दिले.