संग्रामदुर्गाच्या वाट्याला भूत का आलं नाही

मरणाचाच हिशेब लावायचा, तर भूत चाकणला असायला हवं होतं. जून १६६० मध्ये मोगल सरदार शाइस्ताखानाने पुण्याजवळच्या चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट. सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखा त्याच्या पाठीशी कडा नाही, पायाशी दरी नाही. तट, बुरूज आणि खंदक, एवढ्यावरच सारी भिस्त. ऐन पावसाळ्यात, मूठभर माणसांनिशी, किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी तो पन्नासहून अधिक दिवस लढवला. मोगलांनी जमिनीखालून भुयार खणत नेलं, बुरुजाखाली दारू ठासली आणि १४ ऑगस्टला बुरूज उडवून दिला. त्यावरची माणसं दगडांबरोबर हवेत गेली. गड दुसऱ्या दिवशी पडला. मोगलांच्याच नोंदीनुसार त्यांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले.

आज त्या पडक्या तटाभोवती गाव दाटलं आहे आणि गावाभोवती कारखाने. नाशिक रस्त्यावरून रोज कंपनीच्या बसने जाणाऱ्या कितीतरी जणांना इथे किल्ला आहे हेच ठाऊक नसतं. त्याच माणसांना झपाटलेल्या जागेचं नाव विचारा, शनिवारवाडा म्हणतील. पौर्णिमेच्या रात्री तिथून ‘काका, मला वाचवा’ अशी आर्त हाक येते, हे पुणे-पिंपरीतल्या पोरासोरांना तोंडपाठ असतं.

असं का? मला हा प्रश्न भुताच्या अस्तित्वापेक्षाही विलक्षण वाटतो. त्याचा छडा लावायला आधी बखर-पंचांग काढावं लागतं आणि मग मोजमापाची यंत्रं.

पंचांगापासून सुरू करू. ही हाक ज्यांची म्हणून सांगतात, त्या नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवात. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा अजून यायची होती. आणि वेळ होती दुपारची. पगार थकल्याने बिथरलेले गारदी शिपाई भरदिवसा वाड्यात घुसले, अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन चुलत्याला, राघोबादादांना बिलगला आणि तिथेच मारला गेला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांनाच दोषी ठरवलं. म्हणजे घटना लख्ख उजेडातली, आणि हाक मात्र ऐकू येते चांदण्या रात्री. त्यातही १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. ज्या दालनांतून तो मुलगा धावला, ती दालनं राहिलेली नाहीत. उरले तट, दरवाजे आणि जोती. दुपार गळाली, पौर्णिमा आली, पण हाक टिकली. लोकांच्या आठवणीने कथा आपल्या सोयीने पुन्हा घडवल्याची ही खूण आहे.

पण ज्यांना खरोखर काही जाणवतं, त्यांचं काय? त्यांना खोटं ठरवायची घाई मी करणार नाही. अंगावर काटा येतो तो खराच असतो.

इंग्लंडमधले अभियंते व्हिक टँडी यांचा अनुभव इथे फार मोलाचा आहे. ते काम करत त्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटायचं. एका रात्री टँडींना घाम फुटला आणि नजरेच्या कडेला करडी आकृती दिसली; वळून पाहताच ती विरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी आपलं पातं व्हाइसमध्ये आवळलं, तर ते आपोआप थरथरू लागलं. व्हाइस सरकवत नेल्यावर कळलं की खोलीच्या मधोमध थरथर सर्वांत जास्त आहे. नवा बसवलेला एक्झॉस्ट पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनं करत होता. माणसाचा कान साधारण वीसच्या खालचं ऐकत नाही. गणित करून पाहा: हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, त्याला १९ ने भागलं की लाटेची लांबी येते १८ मीटर. तिची अर्धी लाट नऊ मीटरच्या खोलीत नेमकी अडकते आणि मधोमध जोर धरते. पंख्याच्या बैठकीत बदल केला आणि ती थरथर थांबली. हे सगळं त्यांनी १९९८ मध्ये शोधनिबंधात मांडलं.

भोसरी, चाकणच्या मेंटेनन्स विभागातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. बेअरिंग गेलंय का हे तो व्हायब्रेशन मीटर टेकवून सांगतो, कुठे गरम होतंय ते थर्मल कॅमेऱ्यात बघतो, गॅस साठलाय का ते डिटेक्टरवर तपासतो. गॅसचं कारण पोकळ नाही: १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रतज्ज्ञाने छापलेल्या हकिगतीत, घरात पावलं ऐकणाऱ्या आणि सावल्या पाहणाऱ्या कुटुंबाचं भूत निघालं बिघडलेल्या भट्टीतलं कार्बन मोनॉक्साइड. आणि कंपनंच म्हणाल, तर शनिवारवाड्याच्या तटाबाहेर वाहनांची अखंड घरघर आहे, पिंपरीहून स्वारगेटला जाणारी मेट्रो आता कसब्याखालून धावते. भूत शोधायची अवजारं या पट्ट्यातल्या हजारो हातांना सरावाची आहेत, हे मला फार सुंदर वाटतं.

मात्र सगळं कंपनांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. लंडनमध्ये संशोधकांनी मुद्दाम एक रिकामी, अंधूक खोली बांधली, तीत न ऐकू येणारा आवाज आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडायची सोय केली आणि ७९ जणांना एकेक करून फिरवलं. बऱ्याच जणांना चमत्कारिक अनुभव आले. कुणाला चक्कर आली, कुणाला कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटलं. पण यंत्रं चालू होती की बंद, याच्याशी त्या अनुभवांचा संबंधच लागला नाही. ‘इथे काहीतरी विचित्र जाणवू शकेल’ एवढी पूर्वसूचना त्यांना होती, आणि संशोधकांच्या मते बहुधा तेवढीच पुरली. २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

इथे चाकणच्या कोड्याची एक बाजू उलगडते. शनिवारवाड्यात पाऊल टाकण्याआधीच आपल्या कानात हाक असते: एक मुलगा, एक काका, विश्वासघात, तीन शब्द. संग्रामदुर्गात शेकडो मेले, पण त्यांचं असं एकही वाक्य आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. बुरुजावरच्या त्या माणसांची नावंही आपण पाठ केली नाहीत.

आणि हे तपासून पाहता येईल. किल्ल्याचा इतिहास न ऐकलेली माणसं घ्यावीत. या पट्ट्यात देशभरातून कामाला आलेल्यांत ती सहज मिळतील. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावेत. एका गटाला सुरुंगाची आणि उडालेल्या बुरुजाची गोष्ट रंगवून सांगावी, दुसऱ्याला फक्त तटाची डागडुजी समजावावी. मग संध्याकाळी एकेकाला संग्रामदुर्गात पाठवून, जिथे काही जाणवलं तिथे नकाशावर फुली मारायला सांगावी. आत कंपनं, तापमान आणि झुळका मोजणारी यंत्रं आधीच लावलेली असावीत. गोष्ट न ऐकलेल्यांच्या फुल्याही एकाच कोपऱ्यात जमल्या, तर त्या कोपऱ्यातली हवा आणि दगड तपासायचे. फक्त ऐकलेल्यांच्या फुल्या बुरुजापाशी जमल्या, तर ३६० वर्षांहून जुन्या स्फोटाची भीती एका गोष्टीतून माणसाच्या अंगात कशी शिरली, ते आपल्याला नकाशावर दिसेल.