कपाटातली दुनळी

तेरावं झालं की कपाट उघडतात. पासबुकं, विम्याचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एका पिशवीत जातं, चांदीची भांडी मोजली जातात. समजा, डोंबिवलीतल्या अशाच एका घरात तळाच्या खणातून जुन्या धोतरात गुंडाळलेली बारा बोरची दुनळी निघाली. अण्णांची मुरबाडकडे शेती होती, डुकरांचा त्रास होता, त्या काळातली. नळ्या अजून तेलाने चकचकीत आहेत, खालच्या अंगाला नंबर कोरलेला आहे. शेजारी काडतुसांचा डबा. त्यांचे पुठ्ठे दमट हवेने फुगलेत आणि पितळी बुडं हिरवी पडलीत. मुलगा म्हणतो, "असू दे, अण्णांची आठवण आहे."

घोळ इथेच सुरू होतो. अण्णा गेले त्या दिवशीच त्या बंदुकीला घरात राहायचा आधार उरला नाही. वडिलांची गाडी मुलाच्या नावावर होते, त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स होत नाही. बंदुकीचंही तसंच. मालकी वारसांकडे येते, पण ती जवळ बाळगायची परवानगी ज्याची त्याने मिळवायची असते. अण्णा हयात असताना त्यांची लेखी परवानगी घेऊन मुलगा तीच बंदूक दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला नेऊ शकत होता. आज त्या चिठ्ठीला काही अर्थ नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं, की ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र आणि दारूगोळा विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचा. जमा केली म्हणजे गेली, असं मुळीच नाही. वारस ती परवाना मिळवून सोडवून घेऊ शकतात, किंवा ज्याला ठेवायचा हक्क आहे अशा माणसाला विकू शकतात. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. आणि जमाच केली नाही तर? विनापरवाना बंदूक बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. "आम्हाला ठाऊकच नव्हतं" हे उत्तर फार लांब नेत नाही.

तरी लोक बंदूक जमा करायला घाबरतात, आणि ही भीती जुनी आहे. इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा केला तो इथल्या माणसाच्या हातातलं हत्यार काढून घ्यायला. गोऱ्यांना त्यात सवलती होत्या. पुढे सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवली. त्यातल्या एकाने अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात. स्वतंत्र भारताचा कायदा १९६२ मध्ये लागू झाला. त्याची भाषा बदलली, तरी पोलीस ठाण्याची पायरी चढताना आपले पाय जड होतातच.

वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा तर मृत्यूचा दाखला लागतो आणि इतर वारसांची ना-हरकत लागते. म्हणजे नाशिकला दिलेल्या बहिणीची सहीसुद्धा. घराच्या वाटणीवरून अबोला असेल, तर बंदूक त्या अबोल्यात अडकते. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण हवं, पोलिसांचा अहवाल स्वच्छ हवा. परवाना मिळाला की राष्ट्रीय नोंदीतला त्याचा क्रमांक येतो आणि पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज कुठे, हाही प्रश्नच. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरपर्यंतचा शहरी पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, तिथे अधिकार पोलीस आयुक्तांचा. मुरबाड, शहापूरकडे जिल्हाधिकाऱ्यांचा. अण्णांचा परवाना एका कचेरीतला आणि मुलाचा पत्ता दुसऱ्या कचेरीतला, असं सहज होतं.

खरं तर २०१६ च्या शस्त्र नियमांनी यावर एक सोपी वाट ठेवली आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारस सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. पण "बाबा, तुमच्या पश्चात बंदुकीचं काय?" हे जेवणाच्या ताटावर विचारायचं कोणी? मृत्युपत्राचा विषय काढला तरी आपल्याकडे घरात अभद्र बोलल्यासारखं होतं.

एका माणसाकडे आता दोनच बंदुका चालतात. पूर्वी तीन चालत. वारशाने आलेलीही या दोनात धरली जाते. ज्याच्याकडे आधीच दोन आहेत, त्याने वडिलांची दुनळी विकलेलीच बरी.

विक्रीचा नियम बहुतेकांना माहीत नसतो. स्वतःची बंदूक दुसऱ्या खाजगी माणसाला विकायला दुकानाचा परवाना लागत नाही. पण घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना आधीपासून हवा. आणि विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, रोख पैसे आणि संध्याकाळी हातात हात, हा व्यवहार दोघांनाही आत घालू शकतो. परदेशी बंदुकांची खाजगी आयात ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद आहे, म्हणून जुन्या विलायती नगाला शौकीन चांगली किंमत देतात. त्या मोहात हे दीड महिने फार लांबलचक वाटतात. मला विचाराल तर सबंध कायद्यातलं हे सगळ्यात शहाणं कलम आहे.

बंदूक उसनी देणं तर अशा घाईच्या विक्रीहून वाईट. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा खून झाला, तेव्हा झाडलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं असल्याचं तपासात पुढे आलं आणि त्या अंगरक्षकाला अटक झाली. त्याच्या सहाच दिवस आधी, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळ्या सुटल्या होत्या. त्यात आरोपी होते कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार. बातम्यांत ते शस्त्र परवान्याचं असल्याचं आलं होतं. परवाना हातातल्या शस्त्राचा असतो, डोक्यातल्या रागाचा नसतो. हळदीच्या मांडवात हवेत बार काढणाऱ्यांसाठीही आता वेगळं कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भिंतीवरची आजोबांची गंजकी ठासणीची बंदूक? दुरुस्त करूनही उडणार नाही, अशी जुनी वस्तू असेल तर कायदा तिला लागू नाही. पण उडते की नाही हे घरी बार काढून बघू नका. तज्ज्ञाला दाखवा.

राहिली डोंबिवलीतली दुनळी. पिशवीत घालून लोकलने निघू नका. आधी पोलीस ठाण्यात फोन करा, कशी आणायची ते विचारा, हवं तर हवालदाराला घरी बोलवा. जुना परवाना आणि मृत्यूचा दाखला काढून ठेवा. पावतीवर बोर, नळीवरचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिली आहे का, ते सही करण्याआधी तपासा. हिरवी पडलेली काडतुसंही मोजायची.