रेडियमचे काटे काय सांगतात

किनवटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. इथले पाणी म्हणजे पैनगंगा आणि पावसाळ्यात गर्जणारे सहस्रकुंड. तरीही इथल्या एखाद्या घरी आजोबांच्या पेटीतून ‘सी किंग’ किंवा ‘सी चीफ’ असे लिहिलेले चावीचे घड्याळ निघाले, तर नवल वाटू नये. फेवर लुबा या स्विस कंपनीचा भारताशी व्यापार 1865 पासूनचा, आणि गेल्या शतकाच्या मध्यावर तिची घड्याळे आपल्याकडच्या मध्यमवर्गात मानाची होती. नावात समुद्र असला तरी ती होती रोजच्या वापराची. याच कंपनीने 1968 मध्ये काढलेले ‘बॅथी’ मात्र खरोखर पाणबुड्यांसाठी होते; पाण्याच्या दाबावरून खोली दाखवणारा काटा त्यात होता. हा फरक नुसत्या नावावरून कळत नाही, दोन्ही घड्याळे शेजारी ठेवली की कळतो. म्हणूनच जुन्या डायव्हिंग घड्याळांचे संग्राहक चार घड्याळे घेऊन एका टेबलाभोवती जमतात, तेव्हा हौसेच्या पलीकडचे काम होते. वस्तूचे खरेखोटे तिथे सर्वांसमक्ष तपासले जाते.

हे तपासणे महत्त्वाचे, कारण या घड्याळातल्या प्रत्येक भागाला कारण आहे. 1953 मध्ये ब्लाँपाँ कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ आणले. पन्नास वाव म्हणजे सुमारे 91 मीटर. काचेभोवतीची फिरती कडी मिनिटकाट्याला जुळवली की पाण्याखाली किती वेळ गेला ते एका नजरेत दिसते. पुढे ही कडी एकाच दिशेने फिरू लागली. धक्का लागून ती सरकली, तर गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि पाणबुड्या लवकर वर येतो. उलट सरकली असती, तर टाकीतली हवा संपेपर्यंत त्याला पत्ता लागला नसता. ज्याला आपण सरसकट ‘रेडियम’ म्हणतो तो चमकणारा लेप गढूळ पाण्यातही काटे दिसावेत म्हणून असे. आधी खरेच रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम आले. ट्रिटियमची ताकद साधारण 12 वर्षांत निम्मी होते. त्यामुळे 1960 च्या दशकातल्या ट्रिटियमच्या घड्याळाचे काटे आज अंधारात लख्ख चमकत असतील, तर तो लेप नंतर लावलेला समजावा. अस्सल जुना लेप सायीसारखा पिवळसर पडतो. शंका असेल तर असे घड्याळ घरी उघडू नये, कारण रेडियमची धूळ घातक असते.

इथे रास्त आक्षेप येतो. मुंबईत जुन्या तबकड्या नव्याने रंगवणाऱ्या कारागिरांमुळे सामान्य माणसाला स्वस्तात चालू घड्याळ मिळाले, मग त्यांना नावे का ठेवायची? ठेवूच नयेत. दुरुस्ती हा कष्टाचा, मानाचा धंदा आहे. पण रंगवलेली तबकडी कंपनीची मूळ म्हणून विकली, तर ती फसवणूक ठरते. एकत्र जमणारे शौकीन अक्षरांची जाडी आणि खुणांची जागा भिंगातून ताडून पाहतात, त्यामुळे गिऱ्हाईक वाचते आणि प्रामाणिक कारागिराचे कामही उघडपणे ओळखले जाते. दुसरा आक्षेप असा की आज पाणबुडे मनगटावर संगणक बांधतात, मग ही जुनी घड्याळे कशाला? घड्याळ म्हणून त्यांची गरज कमी झाली हे खरेच. पण माणसाचा श्वास मोजण्याचा प्रश्न केवळ चाके, स्प्रिंग आणि रबरी वायसर यांच्या बळावर कसा सोडवला, याचा पुरावा त्यांच्याशिवाय दुसरीकडे हाताला लागत नाही.

हा छंद श्रीमंतांचा, असेही म्हटले जाते. लिलावातल्या घड्याळांबाबत ते खरे आहे. पण पारख शिकायला लिलाव लागत नाही. किनवटच्या पेटीतले ‘सी किंग’ही त्यासाठी पुरेसे आहे. म्हणून पेटीतून असे घड्याळ निघाले, तर तबकडी चकचकीत करून घेण्याआधी ते जाणकारांच्या टेबलावर एकदा ठेवावे. एकदा खरवडलेली मूळ अक्षरे कोणत्याच कारागिराला परत आणता येत नाहीत.