जुन्या मोटारीचा सांभाळ – लेखांक सहावा : सायलेन्सरची गळती

आर्वी तालुक्यातील रोहण्यासारख्या गावी मोटार पुष्कळदा घर, शेत आणि बाजार एवढ्याच परिघात फिरते, आणि इतक्या अल्प वापराने ती झिजत नसावी अशी मालकाची समजूत असते. परंतु धूर वाहून नेणाऱ्या नळीच्या बाबतीत ही समजूत सर्वस्वी चुकीची ठरते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. लांबच्या प्रवासात ही वाफ तापलेल्या सायलेन्सरमधून निमूट बाहेर पडते, पण शेतापर्यंतच्या फेरीत तो पुरता तापतच नसल्यामुळे तिचे पाणी होऊन आत साचते, इंधनातील गंधकाच्या अंशाने किंचित आम्ल बनते आणि पत्रा आतून कुरतडत जाते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचा किंवा जुन्या मारुती ८००चा सायलेन्सर वरून धडधाकट दिसत असताना अकस्मात फुटतो, त्याचे कारण हेच.

फुटल्याचा बोभाटा आवाज करतोच. घातक आहे तो कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जुळतो. गळती आसनांखाली असून तळपत्र्यालाही गंजाने भोके पडली असतील, तर जड झालेले डोके थकव्याच्या खाती मांडून काचा लावून पुढे जाणे जिवावर बेतते. तेव्हा इलाज होईपर्यंत मोटार उभीच ठेवावी, आणि तपासणीसुद्धा बंद पडवीत न करता उघड्या अंगणात करावी.

इंजिन गार असताना सुरू करून टेलपाइपच्या तोंडावर मदतनिसाने जाड ओले फडके क्षणभर दाबून धरले, की कोंडलेला धूर जेथून फुसफुसेल तेथे गळती आहे असे समजावे. सांध्याभोवती साचलेल्या काजळीची साक्षही ग्राह्य धरावी. गार इंजिनात ऐकू येणारी टकटक तापल्यावर मंदावली, तर संशय मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर घ्यावा, कारण धातू प्रसरण पावून फट मिटते. तेथील गंजलेले बोल्ट तुटण्याची धास्ती असल्यामुळे ते काम मिस्त्रीच्या हवाली करणे शहाणपणाचे. पुष्कळ सायलेन्सरांच्या तळाशी स्वच्छ कडांचे एक बारीक, वाटोळे छिद्र असते, ते मात्र पाण्याच्या निचऱ्यासाठी कारखान्यातच ठेवलेले असते. उत्साही दुरुस्तीकाराने प्रथम नेमके तेच बुजवावे, हा जणू शिरस्ताच आहे!

आपल्याकडील काळ्या, कपाशीच्या जमिनीत जॅक हळूहळू रुततो, पावसाळ्यात तर विशेषच. म्हणून त्याखाली बाभळीची रुंद फळी घालावी, चाकांना उटी लावावी, आणि तळाच्या भक्कम जागी लोखंडी घोड्या दिल्याखेरीज गाडीखाली डोकेही घालू नये. नळी गार झाल्यावर भोकाभोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावा. तो कडेपर्यंत खचत असेल तर ठिगळाचा खटाटोप न करता नवी नळी आणावी. पत्रा टणक असेल तर तारेच्या ब्रशाने गंज खरवडून, सायलेन्सरसाठीच मिळणारी उष्णतारोधक लुकण भरून, वरून पत्र्याची पट्टी क्लॅम्पने आवळावी. नळाच्या गळतीला लावतात ती लुकण येथे जळून झडते. वेल्डिंगच करावयाचे ठरले तर बॅटरीची जोडणी आधी सोडावी, पेट्रोलची टाकी किती जवळ आहे ते पाहावे, आणि अंगणात पऱ्हाटीचा ढीग रचलेला असेल तर मोटार तेथून दूर न्यावी.

राहता राहिला पीयूसीचा दाखला. फुटक्या नळीतून धूर बाहेर जातो, तशी त्याच्या दोन धक्क्यांमधल्या क्षणी बाहेरची हवाही आत ओढली जाते. धूर पातळ होतो आणि यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा असावा त्याहून कमी उमटतो. म्हणून दुरुस्तीनंतर हा आकडा वाढलेला दिसला, तर काम बिघडले असा ग्रह करून न घेता कार्ब्युरेटरमध्ये हवा व पेट्रोल यांचे प्रमाण तपासावे, ज्याची तजवीज पुढील लेखांकात पाहू.

(क्रमशः)